दहा किलो दोनशे ग्रॅम

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवताना भली भली माणसं पोट आत ओढतात आणि श्वास रोखून धरतात. जणू श्वासालाच काय ते वजन! मी काही बोलत नाही. जे आहे ते दांडीवर दाखवतो आणि गप्प उभा राहतो. मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी चौथरा, मागे उभा खांब, वर आकडे कोरलेली दांडी आणि दांडीवर इकडून तिकडे सरकवायचं पितळी वजन, एवढाच माझा संसार. माझ्यात बॅटरी नाही, की दिवा नाही.

माझी दांडी ज्या कारागिरानं घासली, तो महाभांडखोर माणूस होता. कारखान्यात त्याचं कुणाशी पटत नसे. कुणी 'चालतंय की' म्हटलं, की हा फणकारायचा, "चालतंय म्हणजे काय? बरोबर आहे की चूक आहे, ते बोल!" माझ्याआधी त्यानं दोन दांड्या भंगारात फेकल्या. केसभर फरक होता म्हणे. त्याचा स्वभाव माझ्यात उतरला असणार, कारण 'अंदाजे' हा शब्द कानावर पडला तरी माझं डोकं उठतं. आज जी हकिगत सांगणार आहे, ती सांगतानाही मला शिसारी येते आहे. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मला विकत घेतलं ते जनावरांच्या एका डॉक्टरांनी. सगळे त्यांना डॉक्टरकाका म्हणत. दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत बाक, टेबल आणि मी. आतल्या खोलीत स्टीलचं लांब टेबल, औषधांचं कपाट आणि वरून खाली ओढता येणारा मोठा दिवा. मधलं दार फुगलेलं होतं, ते कधीच नीट लागायचं नाही. त्यामुळे आतलं बरंचसं मला दिसायचं.

डॉक्टरकाकांचा एक नेम होता. दवाखाना उघडला, की आधी ते स्वतः माझ्यावर चढायचे आणि आपलं वजन भिंतीवरच्या पाटीवर खडूनं लिहायचे. मोठी कुत्री माझ्यावर एकटी उभी राहत नाहीत. मग काका त्यांना कवेत घेऊन माझ्यावर उभे राहायचे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे. "माझं वजन सगळ्या जगाला माहीत आहे," ते हसत, "फक्त आमच्या सौंना सांगू नका." काल येऊन गेलेलं जनावर आज आलं, तरी पुन्हा वजन. कुणी वैतागून म्हणालं, "अहो, कालच तर केलं!" तर काका म्हणायचे, "कालचं कालच्या औषधाला. आज आजचं." कारण औषध किती द्यायचं, ते वजनावर ठरतं. भूल देताना तर फारच. कमी पडली तर जनावर टेबलावर जागं होतं, जास्त झाली तर कधीच जागं होत नाही.

काकांच्या हाताखाली मावशी होत्या. झाडलोट करणं, जनावर धरणं, काका सांगतील ते केसपेपरवर लिहिणं, सगळं त्याच बघत. रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं माझा चौथरा पुसत आणि मग कोरड्यानं. दर वर्षी वजनमाप खात्याचा एक टकलू माणूस यायचा, आपली पेटीतली वजनं माझ्यावर ठेवून बघायचा आणि शिक्का मारताना म्हणायचा, "मावशी, हा काटा आमच्या ऑफिसातल्यापेक्षा खरा आहे बरं का." ते ऐकून मला मूठभर मांस चढायचं. लोखंडाला मांस कुठून चढणार, असं विचारू नका. चढायचं.

घाणीचं मला वावडं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्यावर कुत्री मुतली आहेत, मांजरं ओकली आहेत. एका बोकडानं तर माझ्या खांबाला शिंगं घासून घासून वर जे करायचं तेही केलं. जखमांतला पू, तोंडातली लाळ, गोचिड्या, सगळं माझ्या अंगावर सांडलं आणि मावशींनी ते पुसलं. जनावर घाबरलं की घाण करणारच, त्यात किळस कसली? किळस कशाची येते, ते मला फार पुढे कळलं.

एके दिवशी डॉक्टरकाका गेले, आणि दवाखाना त्यांच्या जावयाकडे आला. जावईही जनावरांचाच डॉक्टर, पण गोठ्यांवरचा. पंचवीस वर्षं गाईबैलांत वावरलेला. गोठ्यावर कुठला आलाय काटा? तिथे गाय एकदा नजरेखालून घालायची, 'चारशे किलो' म्हणायचं आणि सुई टोचायची. वीस-पंचवीस किलो इकडेतिकडे झाले, तर गाईला पत्ताही लागत नाही. त्या माणसाची नजर तिथे चांगली होती, हे मीही मान्य करतो. पण चारशे किलोच्या गाईत सहा किलो म्हणजे काहीच नाही, आणि दहा किलोच्या कुत्र्यात सहा किलो म्हणजे निम्म्याहून जास्त कुत्रा. हे गणित त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. वर त्याला त्याचाच तोरा. कुत्रा दारातून आत आला, की हा खुर्चीत बसल्या बसल्या बोट दाखवून म्हणायचा, "बावीस!" लोक कौतुकानं हसायचे. "डॉक्टरांची नजर म्हणजे नजर हं!" असं म्हणायचे. आपल्याच जनावराच्या जिवाशी चाललेल्या खेळाला ही माणसं टाळ्या देत होती, आणि मला ते उभ्या उभ्या बघावं लागत होतं.

मावशी पाठीमागे त्याला जावईबापू म्हणत. मीही तेच म्हणतो.

माझं काय झालं? जावईबापूंनी कुत्र्यांच्या खाण्याची पोती विकायला ठेवली. ठेवायची कुठे? माझ्यावर! एकावर एक चार पोती. तीन वर्षं मी त्या पोत्यांचंच वजन करत उभा होतो. टकलू माणूस आला, तर जावईबापू सांगत, "काटा वापरात नाही, शिक्का कशाला?" पितळी वजनावर धूळ साचली. मावशी फडकं घेऊन येत, पोत्यांकडे बघत आणि परत जात. भिंतीवरच्या पाटीवर आता पोत्यांचे भाव लिहिलेले असत.

अशात एका सकाळी एक आजोबा त्यांच्या लेकीबरोबर आले. लेक पुस्तकं बांधायचं काम करते. बोटांना कायम खळ लागलेली, बोलणं थोडं, पण एकदा धरलं की सोडायचं नाही, असा स्वभाव. तिला सगळे बाइंडरबाई म्हणतात. आजोबांना विसरायला होतं. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधायचा, अशातली गत. आणि त्यांच्याबरोबर त्यांचं गाठोडं होतं. गाठोडं म्हणजे त्यांचा कुत्रा. त्याच्या अंगावर इतके केस, की पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते शेपूट हलल्यावर कळायचं. दिसायला हा एवढा, आणि आत बघाल तर हाडं आणि थोडा कुत्रा. त्याची एक दाढ हलत होती, ती भूल देऊन काढायची होती.

"सोळा किलो," जावईबापू खुर्चीतूनच म्हणाले.

"काट्यावर घेऊ का?" मावशींनी विचारलं. "केसाळ आहे हो फार. पोती काढते मी, दोन मिनिटं लागतील."

"मावशी, पंचवीस वर्षं जनावरं बघतोय मी. माझे डोळे फुटलेत का?"

मावशींनी केसपेपरवर सोळा लिहिलं. बाइंडरबाई टेबलापाशी एका छापील कागदावर सही करत होती. भूल देण्यात धोका असतो, त्याची जबाबदारी डॉक्टरांवर नाही, असं काहीसं त्यावर होतं. आजोबा बाकावर बसून मावशींना सांगत होते, "सकाळपासून काही दिलं नाही हो त्याला. पाणीसुद्धा नाही. तुम्ही सांगितलं होतं ना काल? नुसता माझ्याकडे बघत बसला होता बिचारा. मीही मग चहा घेतला नाही. त्याच्यासमोर कसा घेऊ?"

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तुम्हीही लक्षात ठेवा.

गाठोडं उपाशी होतं, म्हणून ते वास घेत घेत पोत्यांकडे आलं आणि त्यानं माझ्या चौथऱ्याच्या कडेवर हनुवटी टेकली. तेवढंच काय ते त्याचं वजन मला कळलं. मग मावशींनी त्याला उचलून आत नेलं.

आत काय झालं, ते मी फुगलेल्या दाराच्या फटीतून पाहिलं. जावईबापूंनी सोळा किलोची भूल दिली. दाढ काढली. दाढ चांगली निघाली, तेवढं त्यांना येत होतं. मग त्यांचा फोन वाजला. भूल उतरेपर्यंत जनावराजवळून हलायचं नाही, हा काकांचा दंडक. हे मात्र फोन कानाला लावून बाहेरच्या खोलीत आले आणि कुणाच्या तरी बैलाच्या किश्श्यावर खो खो हसू लागले. मावशींचा हात गाठोड्याच्या छातीवर होता. त्या ओरडल्या, "डॉक्टर, श्वास हाताला लागत नाहीये!" जावईबापूंनी हसता हसता एक बोट वर केलं. एक मिनिट.

ते बोट मी जन्मात विसरणार नाही.

नंतर धावाधाव झाली. सुया टोचल्या, छाती दाबली. उपयोग झाला नाही. हात पुसत बाहेर येऊन जावईबापू म्हणाले, "हृदय कमजोर होतं. अशी जनावरं टिकत नाहीत भुलीत." आजोबांना आधी कळलंच नाही. ते गळपट्टा हातात घेऊन उभेच राहिले, कुत्रा बाहेर येईल म्हणून. बाइंडरबाईनं मात्र विचारलं, "हृदय तपासलं होतं तुम्ही? आधी?"

तपासलं नव्हतं. इथे एखाद्या सरळ माणसानं मान खाली घातली असती. जावईबापूंनी मान वळवली, ती आजोबांकडे. आणि गोड आवाजात, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "आजोबा, खरं सांगा हं. सकाळी काही दिलं होतं ना त्याला? एखादं बिस्किट? भुलीत पोटातलं वर येतं, श्वासात अडकतं, आणि मग आम्ही तरी काय करणार?"

"नाही हो," आजोबा म्हणाले. मग थांबले. मग लेकीकडे वळले. "दिलं असेल का गं मी?"

मित्रांनो, त्या क्षणी मला किळस म्हणजे काय ते कळलं. बोकडाची घाण परवडली. या माणसानं समोरच्या म्हाताऱ्याची विसरभोळी नजर पाहिली, आणि खुर्चीत बसून जनावराचं वजन हेरावं, तसा हा माणूस किती सहज वाकवता येईल, ते हेरलं. तो अंदाज मात्र अगदी बरोबर निघाला.

"तुम्ही जा घरी," जावईबापू म्हणाले. "त्याची विल्हेवाट आम्ही लावतो. काळजी करू नका." हे त्यांनी तीनदा म्हटलं. दोनदा म्हटलं असतं, तर बाइंडरबाई कदाचित गेलीही असती. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिनं गाठोड्याला चादरीत गुंडाळलं आणि थेट सरकारी पशुरुग्णालयात नेलं. मरण कशानं आलं, ते लिहून द्या, म्हणून तिथे बसून राहिली. केसपेपरची नक्कल मागायला ती पुन्हा आमच्याकडे आली, तेव्हा जावईबापूंनी तिच्या सहीचा कागद तिच्यापुढे नाचवला. ती मावशींना एवढंच म्हणाली, "नुकसानभरपाईचं नंतर बघू. बाबा जेवत नाहीत. ताटावर बसतात आणि उठतात. मीच मारलं म्हणतात. त्यांनी मारलं नाही, असं मला कुणाकडून तरी लिहून हवंय."

पंधरा-वीस दिवसांनी आजोबा एकटेच आले. लेकीला न सांगता, चालत. चपला उलटसुलट घातलेल्या. टेबलाशी उभे राहून म्हणाले, "डॉक्टर, मला आठवलं. अर्धं बिस्किट दिलं होतं मी. बशीतलं. माझी चूक झाली. तुमच्या डोक्याला उगाच ताप झाला."

ज्या बशीतून त्या सकाळी चहासुद्धा प्यायला नव्हता, ती बशीही आता त्यांना आठवत होती, आणि बिस्किटही.

आणि जावईबापूंनी काय केलं? उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या आजोबा. या वयात होतं असं. मी नाही मनावर घेतलं." क्षमा केली हो त्यानं! ज्यानं मारलं, त्यानं क्षमा केली. मग खण उघडून कोरा कागद काढला. "एवढं फक्त लिहून द्या. तुमच्याही मनावरचं ओझं उतरेल." आजोबांनी लिहून दिलं. अक्षर सुरेख होतं. मावशी दारात उभ्या होत्या, हातात बादली. बादलीतलं पाणी हिंदकळून त्यांच्या पायावर सांडलं.

ओकारी लोखंडाला येत नाही, म्हणून मी वाचलो.

बाइंडरबाईनं तक्रार केली होती. जनावरांच्या डॉक्टरांवर लक्ष ठेवणारी एक परिषद असते, तिची चौकशी समिती दवाखाना बघायला येणार, असं पत्र आलं. पत्राबरोबर सरकारी रुग्णालयाच्या अहवालाची नक्कल होती. जावईबापूंनी ती वाचली आणि त्यांची पाचावर धारण बसली. गाठोड्याचं वजन दहा किलो दोनशे ग्रॅम भरलं होतं. केसपेपरवर सोळा.

त्या संध्याकाळी तीन वर्षांनी माझ्यावरची पोती उतरली. मावशींना ती आतल्या खोलीत रचायला सांगितली गेली. मला पुसलंसुद्धा. मला वाटलं, चला, माणूस सुधारला! मावशी गेल्यावर जावईबापूंनी स्क्रूड्रायव्हर आणला. दांडीच्या टोकाला शून्य जुळवायचा एक स्क्रू असतो. तो त्यांनी पार शेवटपर्यंत फिरवला. मी रिकामा उभा होतो आणि दांडी सहा किलो दाखवत होती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी खोटं बोलत होतो. अंगाला कुणी पू फासावा आणि पुसायला हात नसावेत, तसं मला वाटलं. ज्या कारागिरानं केसभर फरकासाठी दोन दांड्या फेकल्या, त्यानं मला या अवस्थेत पाहिलं असतं, तर भट्टीतच घातलं असतं, आणि ते बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. अध्यक्षबाई स्वतः जनावरांच्या डॉक्टर, वय झालेल्या, हातावर जुन्या ओरखड्यांच्या रेघा. बरोबर वजनमाप खात्याचा तोच टकलू माणूस. बाइंडरबाई बाकावर बसली होती. आजोबांना तिनं घरी ठेवलं होतं.

जावईबापूंनी आधी आजोबांचा कागद पुढे केला. "त्यांनीच कबूल केलंय, बघा. उपाशी ठेवायला सांगितलं होतं, त्यांनी खायला घातलं."

अध्यक्षबाईंनी कागद वाचला, मग अहवाल उघडला. "पोट रिकामं होतं. पूर्ण रिकामं. श्वासनलिकेतही काही नव्हतं. म्हणजे न घातलेलं बिस्किट तुम्ही या माणसाकडून लिहून घेतलंत?"

"मी कुठे घेतलं? ते स्वतः आले होते."

"बरं. वजनाचं काय?"

चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात, ते मी तेव्हा ऐकलं. "तेच तर सांगतोय! मी वजन केलं, प्रामाणिकपणे केलं. काटाच बिघडलेला आहे. सासऱ्यांच्या वेळचं खटारं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला आणि त्यानं घात केला. तपासा तुम्हीच." नाचता येईना अंगण वाकडं! टकलू माणूस माझ्यापाशी आला, वाकून दांडी बघितली, पुन्हा बघितली आणि खालच्या आवाजात म्हणाला, "रिकामाच सहा किलो दाखवतोय." त्याचा आवाज ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला कसं सांगू, की मी नाही हो, मी नाही?

अध्यक्षबाई केसपेपर चाळत होत्या. एका पानावर थांबल्या. "त्याच दिवशी, या कुत्र्याच्या आधी, एक मांजराचं पिल्लू आलं होतं. वजन लिहिलंय आठशे ग्रॅम. रिकामा काटा सहा किलो दाखवतो, तर त्यावर पिल्लू आठशे ग्रॅम कसं भरलं?"

"पिल्लू... ते काय हो, तळहातावर मावतं. ते नजरेनं लिहिलं."

"आणि कुत्रा?"

जावईबापू खण उघडून काहीतरी शोधू लागले. तेव्हा दारातून मावशी बोलल्या. "बाईसाहेब, या काट्यावर तीन वर्षं पोती आहेत. काल संध्याकाळी मीच उतरवली. तेव्हा दांडी शून्यावर होती, मी पुसली ना. कुत्र्याचं वजन झालंच नाही. मी म्हटलं होतं, पोती काढते, दोन मिनिटं लागतील. श्वास थांबला तेव्हा डॉक्टर बाहेर फोनवर होते. आणि त्या आजोबांनी मला सकाळीच सांगितलं होतं, पाणीसुद्धा दिलं नाही म्हणून."

"मावशी," जावईबापू दात आवळून म्हणाले, "काकांच्या वेळच्या म्हणून ठेवलंय तुम्हाला."

"काकांच्या वेळची आहे, म्हणूनच बोलतेय."

मग जावईबापूंनी शेवटचा कागद काढला, बाइंडरबाईच्या सहीचा. अध्यक्षबाईंनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "भुलीचा धोका पत्करायला सही केली होती त्यांनी. तुमच्या आळसाला नाही, आणि तुमच्या फोनलाही नाही." टकलू माणसानं स्क्रू जागेवर आणला, पेटीतलं दहा किलोचं वजन माझ्यावर ठेवलं, आणि दांडी बरोबर दहावर थांबली. "हा खरा आहे," तो म्हणाला. "ह्याला कुणीतरी छेडलंय." माझा जीव भांड्यात पडला. जावईबापू खुर्चीत बसून पुटपुटले, "एका कुत्र्यापायी केवढा तमाशा!" तेवढंच ते बोलले. बाइंडरबाईकडे त्यांनी पाहिलंही नाही.

निकालाचं पत्र बाइंडरबाईच्या घरी आलं. डॉक्टरांनी वजन न करता भूल दिली, जनावराजवळ थांबले नाहीत आणि चौकशीत खोटं सांगितलं. जनावराचं पोट रिकामं होतं, मालकांचा काही दोष नाही. सगळं स्वच्छ लिहिलेलं. जावईबापूंचं काम करण्याचं प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी काढून घेतलं. दवाखाना बंद झाला, सामान निघालं. मावशींनी बाइंडरबाईला निरोप धाडला, की काटा भंगारात जातोय, न्यायचा असेल तर न्या. तिनं मला हातगाडीवर घालून आणलं. आता मी तिच्या कामाच्या खोलीत उभा आहे आणि कागदांचे गठ्ठे मोजतो. माझ्याशेजारी आजोबांची खुर्ची आहे. मी रोज पुसला जातो, माझ्यावर कुणी पोती ठेवत नाही, म्हणजे मी सुखात असायला हवा.

पण बाइंडरबाई रोज जेवणाआधी ते पत्र उघडते. आजोबांच्या गुडघ्याशी बसून वाचते. "पोट रिकामं होतं, बाबा. इथे लिहिलंय बघा. तुम्ही काही दिलं नव्हतं." आजोबा शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकतात. मान डोलावतात. "चांगलं लिहिलंय गं," म्हणतात. "चांगली माणसं आहेत. माझी चूक पोटात घातली त्यांनी." आणि बशीतलं बिस्किट हळूच बाजूला सारतात. बाइंडरबाई पत्राची घडी घालते. कधी चिडते, कधी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडते. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचते. जावईबापूंना दोन वर्षांनी प्रमाणपत्र परत मिळणार आहे. आजोबांच्या डोक्यातून ते अर्धं बिस्किट कोण परत घेणार?

मित्रांनो, तुमच्या घरचं जनावर दवाखान्यात न्याल, तेव्हा काट्यावर चढवल्याशिवाय सुई टोचू देऊ नका. काट्यावर पोती असली तर उतरवा, लाजू नका, दोन मिनिटं लागतात. कुणी बोट दाखवून 'सोळा' म्हणालं, तर हसून टाळ्या देऊ नका. आणि उद्या तुमच्या हातून कुणाचं काही बिघडलं, तर ज्याला विसरायला होतं, ज्याला उलट बोलता येत नाही, अशा माणसाच्या गळ्यात ते बांधू नका. ते तिथून सुटत नाही, मी रोज बघतो. या सगळ्या प्रकरणात 'माझी चूक झाली' हे तीन शब्द फक्त एका माणसानं उच्चारले, आणि त्याची काहीच चूक नव्हती.